लोकरीचा ओशटपणा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मुग्धाने डबी उघडली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "ई, मेंढी!" सगळे हसले. मीही हसले. आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

मुग्धा माझी वरिष्ठ. पुण्याची. बेंगळूरच्या महादेवपुऱ्यातली आमची कंपनी अंगाला लावायची क्रीम बनवते. बाजारातल्या इतर क्रीमांशी तुलना करणारी पानं आमच्या वेबसाइटवर असतात. मराठी पान माझ्याकडे, कारण मी रसायनशास्त्र शिकले आहे आणि ऑफिसात मुग्धा सोडली तर मराठी नीट लिहिणारी मी एकटीच. सहा डब्या समोर ठेवायच्या. मागची बारीक अक्षरांतली यादी वाचायची. कुठला घटक म्हणजे काय, ते साध्या भाषेत तक्त्यात लिहायचं. यादीला एक नियम असतो: जे जास्त, ते आधी.

शिया बटरपुढे मी लिहिलं होतं, 'आफ्रिकेतल्या बायका बिया हातांनी कुटून हे लोणी काढतात.' ते वाचून मुग्धा म्हणाली, "किती सुंदर लिहितेस गं!" मग परदेशी, बिनवासाच्या क्रीमची पाळी आली. तिच्या यादीत तिसरं नाव लॅनोलिन. त्यापुढे मी लिहिलं होतं, 'मेंढीच्या लोकरीतला ओशटपणा. लोकर धुताना निघतो.' मुग्धाने ही ओळ मोठ्याने वाचली आणि मग डबी नाकाशी नेली.

"हे काढ. नुसतं लॅनोलिन ठेव. लॅनोलिन म्हटलं की स्वित्झर्लंड वाटतं, मेंढी म्हटलं की धनगर. आणि ओशट काय गं! ऐकूनच हात धुवावेसे वाटतात."

पुन्हा हसणं. मी वहीत लिहिलं, 'ओळ काढणे'.

मी धनगर आहे. तिथं हे कुणाला माहीत नव्हतं. माझं आडनाव जात सांगत नाही आणि मीही कधी सांगितली नव्हती.

आमचं गाव चिकोडीजवळ. वडील मेंढरं घेऊन फिरतीवर. आई घरी लोकर पिंजायची, कातायची. तिच्या सुताची घोंगडी व्हायची. दुसरीत असताना गुरुजींनी मला पुढच्या रांगेतून उठवलं. म्हणाले, "तू दाराशी बस. वारा लागू दे तुला." वर्ग हसला. मी दाराशी बसले, चौथीपर्यंत. रोज शाळेत जाण्याआधी कपड्यांच्या साबणाने हात घासायचे. हिवाळ्यात हात फुटले, रक्त आलं. आई न धुतलेल्या लोकरीचा पुंजका घेऊन माझ्या हातांवर चोळायला यायची. म्हणायची, "स्वल्प लावू दे गं. ओशट हाय, बरं वाटंल." मी हात मागे ओढायची.

तिचे स्वतःचे हात कधी फुटले नाहीत.

गेल्या वर्षी उपचारांसाठी तिला बेंगळूरला आणलं. येताना तिनं घोंगडं आणलं होतं. ऑफिसातले लोक तिला बघायला येणार म्हटल्यावर मी ते पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. एक परदेशी क्रीम विकत आणली आणि तिला सांगितलं, लोक यायच्या आधी ती हातांना लाव. कशासाठी, ते सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिनं बोटभर घेतली, दोन्ही तळव्यांवर चोळली आणि हुंगली.

"याला आपल्या लोकरीचा वास येतुया गं."

"काहीतरीच काय, आई. बाहेरच्या देशातली आहे ती."

"मग मेंढरं बी गेली व्हय तिकडं?" ती हसली. मी हसले नाही. तेव्हा ती म्हणाली, "असंल बाई. पर वास आपलाच हाय."

मुग्धा आली. आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "काकू, किती सॉफ्ट हात आहेत तुमचे! काय लावता?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी क्रीमचं नाव सांगितलं.

दिवसभर इतरांसाठी याद्या वाचणारी मी, त्या डबीची यादी मी वाचली नव्हती. ती वाचली बारावं करून परतल्यावर, सोमवारी, तक्त्याच्या निमित्ताने. त्याच क्रीमची दुसरी डबी माझ्या टेबलावर आली होती. तिसरं नाव पाहिलं आणि बराच वेळ पुढचं वाचता आलं नाही. आईचं नाक बरोबर होतं. माझं शिक्षण तिच्या मागून चालत आलं होतं, तेही दोन आठवडे उशिरा. म्हणून लिहिताना मी तिचा शब्द घेतला. ओशट.

आणि एवढं कळल्यावरही मंगळवारी मी हसले.

गुरुजींनी मला दाराशी बसवलं तेव्हा मी सात वर्षांची होते. घोंगडं माळ्यावर टाकलं, वहीत 'ओळ काढणे' लिहिलं, तेव्हा मला कुणी उठवलं नव्हतं. दाराशी मी माझी मी जाऊन बसले होते. आईलाही शेजारी बसवलं होतं.

संध्याकाळी घरी आले. जिन्यात शेजारच्या अक्कांनी विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का, एवढंच. मी "आयतु" म्हटलं. झालं नव्हतं. आई गेल्यापासून घरात मराठीत कुणी बोलत नाही. माळ्यावरून पोतं काढलं. घोंगडं पलंगावर पसरलं.

बुधवारी मुग्धा माझ्या टेबलाशी आली. "काढलीस ना ती ओळ?"

"नाही."

"का?"

"मी धनगर आहे. माझी आई लोकर कातायची. तू तिचा हात धरून सॉफ्ट म्हणालीस, तो या ओशटपणाने तसा होता. मी तुला खोटं सांगितलं होतं."

ती म्हणाली, "अगं, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं. पण पर्सनली नको ना घेऊस."

"माहीत नसताना तू जे बोललीस, तेच तुझं खरं मत."

"ओळ मात्र काढावी लागेल गं."

"मग आफ्रिकेतल्या बायकाही काढ."

"त्या वेगळ्या."

"तर मग हा तक्ता माझ्याकडून मिळणार नाही."

मराठी पान अजून निघालेलं नाही. दर सोमवारी मुग्धा विचारते. दर सोमवारी मी सांगते, ओळ राहील. जेवायच्या सुट्टीत मला आता कुणी हाक मारत नाही. उद्या ते दुसऱ्या कुणाकडून पान लिहून घेतील, कदाचित मला काढतीलही. घेऊ देत, काढू देत. माझ्या हाताने ती ओळ जाणार नाही. मी त्या हसण्यात पुन्हा सामील होणार नाही.

घरी आईची डबी आहे. अर्धी उरली आहे. तिच्यात आईच्या बोटाची खाच आहे. ती मी बुजवलेली नाही.