आत्याचा राहून गेलेला धडा

आमच्या आत्याजवळ कोणाही माणसाला पाच मिनिटं बसवा. तो उठेल तेव्हा त्याला बायकांची पाळी का येते हे पक्कं कळलेलं असेल. मग तो तलाठी असो, नवा जावई असो, नाहीतर कूलर दुरुस्त करायला आलेला कारागीर असो. आत्या शाळेत विज्ञान शिकवायची. पुस्तकातला तो एक धडा आला की मुख्याध्यापक दारात येऊन खाकरायचे आणि म्हणायचे, "बाई, हा मुली घरी वाचतील." नोकरीभर तो धडा मुली घरीच वाचत राहिल्या. निवृत्त झाल्यावर मात्र आत्याने साऱ्या यवतमाळ जिल्ह्यालाच वर्गात बसवलं.

एकदा यवतमाळहून येताना एसटीत एक शाळकरी पोरगी पोट धरून बसली होती. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "कावळा शिवला तिले." आत्या दोन सीट पुढे होती, पण असं काही तिला हमखास ऐकू येतं. "कावळ्याचा काय संबंध, बाई? तो बिचारा झाडावर बसून हाये," म्हणत ती मागे वळली. "पोटात पाहुणा आला तं झोपन कुठं? म्हणून गर्भपिशवी दर महिन्याले आतून मऊ गादी घालते, रक्तामासाची. बीजकोशातून एक बीज निघते, थोडी वाट पाहते. गर्भ राह्यला तं गादी कामी येते. नाई राह्यला तं मेंदूचा अन् बीजकोशाचा निरोप येते, आवरा आता. मंग ते अस्तर सुटून भाईर येते. पिशवी आवळून ते भाईर लोटते, म्हणून पोट दुखते." कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून तसाच उभा. शेवटी त्यानेच हळूच विचारलं, "आजी, मंग आमच्या घरी मागंपुढं काहून होते?" "ते काय घड्याळ हाये? कोणाचा महिना लांब, कोणाचा आखूड. काळजीनं, आजारपणानं बी सरकते. लईच मागंपुढं होत असन तं डॉक्टरले दाखव," आत्या म्हणाली. त्या नादात एक थांबा मागे पडला आणि उतरणाऱ्या म्हाताऱ्याने आत्याचा उद्धार केला.

लोहाऱ्याच्या एका लग्नात तर तिने पंगतीतच भाताचं गर्भाशय थापलं, दोन बाजूंना दोन भजी ठेवली, आणि एका भज्यातून वरणातला तुरीचा दाणा बोटाने सरकवत भातापर्यंत आणला. शेजारी बसलेले नवरदेवाचे मामा मठ्ठा न पिताच उठले. पलीकडच्या तीन बायका मात्र पत्रावळी उचलून आत्याजवळ येऊन बसल्या. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खरं सांगतो, मलाही सारं नीट कळलं ते त्या भज्यांमुळेच.

मागच्या भाद्रपदात ती महालक्ष्म्यांसाठी फुलसावंगीला आमच्याकडे आली होती. आमच्या घरी दारापासून मखरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायचा मान घरातल्या मुलीचा. माझी गार्गी महिनाभर अंगणात सराव करत होती, आणि नेमकी महालक्ष्म्या यायच्या दुपारीच तिला पहिली पाळी आली. आत्याच्या कृपेने पोरगी घाबरली बिबरली नाही. पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तशी तिने आजीला जाऊन सांगितलं. माझी आई चटकन एक पाऊल मागे सरकली. "मागच्या खोलीत बस जा. पावलं यंदा तुयी माय काढन," ती म्हणाली. गार्गीचं तोंड एवढंसं झालं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी पंख्याकडे.

आत्या पदर खोचून आईसमोर बसली. आई दुसऱ्या दिवसाच्या सोळा भाज्या निवडत होती. आत्याने गादी घातली, बीज सोडलं, वाट पाहिली, गादी आवरली. "ज्या रक्तानं लेकरू वाढते तेच हे, वहिनी. याच्यात विटाळ कुठून आला?" तिने विचारलं.

आईने हातातली गवारीची शेंग खाली ठेवली. "बाई, हे तुमाले कवापासून ठाऊक हाये?"

"कॉलेजात होती तवापासून."

"म्हणजे मी या घरात आली तवा ठाऊक होतं." आईचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माह्या पहिल्या महालक्ष्मीले मी त्याच खोलीत बसली होती. माहेरची आठवण येऊन रडून राह्यली होती. तुमीच ताट आणलं होतं, अन् दुरून सरकवून दिलं होतं. मले काहून नाई सांगितलं?"

आत्याने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईने तो तसाच राहू दिला. मग ती उठली, मागच्या खोलीत गेली आणि रांगोळीचा डबा गार्गीच्या हातात देऊन म्हणाली, "काढ बाई पावलं. पोट दुखलं तं मधात बसून घेजो."

पावलं सुरेख आली, मखरापर्यंत एका ओळीत. त्या रात्री भाजी-भाकरीच्या पंगतीत आईने आत्याला आपल्या शेजारी बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. आत्या खाली मान घालून जेवत होती. इतकी वर्षं, निदान जेवताना तरी ती गप्प बसावी म्हणून आम्ही देवाला साकडं घालत होतो. त्या दिवशी ती गप्प बसली, तर आमच्यापैकी कोणालाच घास गोड लागेना.