वहिनीचं आल्याचं मडकं

माझ्या वहिनीनं माझ्यासाठी शिजवलेलं अन्न मी उकिरड्यावर ओतायला लावलं होतं.

आज सकाळी सांगलीच्या हॉस्पिटलात ती गेली. तेव्हापासून मोबाईल वाजतोय. सगळे लिहितायत, किती प्रेमळ होत्या. होतीच.

पण मला आधी हे सांगायचंय.

आमचं गाव विट्याजवळ. दादा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान, तेही पार कलकत्त्यात. दुकानाशेजारी एका चिनी कुटुंबाची लाँड्री होती. तिथली मुलगी दादानं पसंत केली आणि लग्न करूनच गावी आणली. तिची आई आधीच वारलेली. माहेर असं तिला उरलंच नव्हतं.

आमचं निम्मं गाव मिलिटरीतलं. बासष्टच्या लढाईतून परत आलेली माणसं पारावर बसलेली असायची.

आम्ही तिचं नाव सुमन ठेवलं. पण पाठीमागं सगळे 'चिनीण'च म्हणायचे. मीसुद्धा म्हटलंय, लपवत नाही.

दादा दुकानावर, वहिनी गावी. आपल्या आईकडून शिकलेलं ती अधूनमधून करायची. गाडीवरचं लालभडक चायनीज नव्हे हां. पाण्यात फेटून वाटीत वाफवलेलं मऊ अंडं. तांदळाची पातळ पेज, वर आल्याचे बारीक काप. पुढं माझ्या नातवानं तिला विचारलं होतं, "आज्जी, मंच्युरियन येतं का?"

"ते कुठल्या गावाचं?" ती म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो होतो.

पंच्याहत्तरच्या आसपास मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. माझी आई त्याच वर्षी गेलेली. बाळंतपण करायला घरात एकटी वहिनी.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी तिनं उतरंडीमागून एक मडकं ओढून काढलं. आत काळाभोर रस. आलं, काकवी आणि शिरका. तो शिरकासुद्धा तिनं उसाचा रस आंबवून घरी केलेला. तिच्या आईकडं त्यात डुकराचे पाय पडायचे. आमच्या घरात तसं बोलायचीही सोय नव्हती, म्हणून नुसती उकडलेली अंडी.

उकळी आल्यावर तिनं वाटी भरून माझ्यापुढं धरली.

"वन्सं, खावा. माज्या आईकडं बाळंतिणीला ह्येच देत्यात. तिनं शिकिवलंय मला. अंगात ऊब ऱ्हाती."

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या शेजारच्या शेवंताकाकी दारातच थांबल्या. आमच्याकडं बाळंतिणीला आंबट वर्ज्य.

"आगं शालन, त्वांड लावू नगंस. प्वार खोकत बसंल. हिला काय म्हाईत? हिला कुटं प्वार हाय?"

वहिनी तिथंच उभी होती. आदल्या वर्षी आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं.

मी वाटी सरकवली. म्हटलं, "वैनी, ह्ये उकिरड्यावर न्हेऊन वत. समदं."

ती वाटी तिनं परत मडक्यात ओतली. मडकं उचलून घेऊन गेली. संध्याकाळी ते घासून परसात पालथं घातलेलं दिसलं. मला बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी आली. गरम होती.

सव्वा महिन्यानं सासरी निघाले. दादा गावी आलेला, तोच एसटीत बसवायला आला. बाळ माझ्या मांडीवर देताना म्हणाला,

"शालन, त्ये मडकं तिनं सोतासाठी घातलं हुतं. तिच्या लोकांत पोरगी गरवार ऱ्हायली की आई मडकं घालती. हिला आई न्हवती, हिनंच घातलं. बाळ गेल्यावर उघडलं न्हाई. तुज्यासाठी ठिवलं हुतं."

गाडी सुटली. तासगाव येईपर्यंत मी रडत होते. बाजूची बाई समजली, माहेर सुटलं म्हणून रडतेय.

तीन वर्षांनी दुसऱ्या बाळंतपणाला गेले. या वेळी मी वाट बघत होते. रोज स्वयंपाकघराकडं कान आणि नाक. तिनं डिंकाचे लाडू केले, खीर केली, शेक दिला. सगळं आमच्या पद्धतीचं, कशात म्हणजे कशात चूक नाही.

मडकं मात्र निघालं नाही. आणि मागायला माझी जीभ रेटली नाही.

वहिनीला पुढं मूल झालं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडं राहिलो, हसलो, भांडलो, म्हाताऱ्या झालो. हा विषय कधी निघाला नाही. खरं तर मी काढला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. मी तिच्या बेडशेजारी बसले आणि विचारलं, "वैनी, ते आल्याचं कसं करायचं गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हळूहळू सांगितलं. जुनं सातारी आलं घ्यायचं. सोलून उन्हात वाळवायचं, कोरड्या तव्यावर भाजायचं. मग शिरका आणि काकवी.

"उकळून झाकून ठिवा. म्हैनाभर तरी मुरू द्या, मग अंडी. घाई करू नगा."

थोडा दम घेऊन म्हणाली, "कुणासाठी, वन्सं? घरात कोण गरवार हाय?"

"तुज्यासाठी."

"मी कुटली बाळंतीण?"

"झाली हुतीस की, वैनी. तुजं कुणी केलंच न्हाई."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग हात मागं करून माझा हात धरला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशीच मी मडकं घातलं. आज वीस दिवस झाले. रोज झाकण काढून वास घेते. अजून थोडा उग्र आहे.

तेराव्याला महिना होऊन जाईल. तेराव्याच्या पानात अंडं चालत नाही, मला माहीत आहे. मी वाढणार आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर त्यांनी मला बोलावं, तिला खूप बोलून झालंय.

वैनी, सावकाश जा.

पहिली वाटी तुझी. दुसरी मी खाईन, त्या दिवशीची.