पन्नासावर पाच

कुरिअरवाला चोर आहे, असं मी दोन महिने अगदी ठामपणे मानत होते. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी त्याच्या काट्याकडे अशी टक लावून बघायचे, की पार्सल ठेवलं की तो बिचारा दोन्ही हात वर करून दाखवायचा.

आमचा धंदा तो केवढा! सासरे गेल्यावर सासूबाई इगतपुरीकडचं गाव सोडून सातपूरला आमच्याकडे राहायला आल्या आणि गप्पच झाल्या. दिवसदिवस खिडकीशी बसून राहायच्या. एकदा त्यांनी नागलीचे पापड केले, मी मोबाईलवर फोटो टाकला आणि पुण्या-ठाण्याहून मागणी आली. तेव्हापासून बाई बोलायला लागली, चक्क मला रागवायलाही लागली. म्हणून हा धंदा टिकायला हवा होता. पण नवऱ्याने बजावलं होतं, "पदरचे पैसे घालायची वेळ आली तर दिवाळीनंतर बंद."

आणि जे काही पदरचं जात होतं ते पाठवण्यातच. आधी मी लिहिलं, "डिलिव्हरी मोफत." तो खर्च पापडाच्या भावातच धरला होता. लगेच एका बाईंचा मेसेज, "मोफत कसं परवडतं? माल जुना आहे का?" घ्या! मग जितका खर्च तितका मागायला लागले. तर एक गृहस्थ म्हणाले, "कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवा." म्हणजे मी काय त्यातले दहा रुपये खाणार होते? शेवटी सगळ्यांना सरसकट साठ रुपये लावले. पन्नास पापडांचं पार्सल घरच्या काट्यावर अर्ध्या किलोच्या आत बसायचं, म्हणजे साठ रुपयांत जायला हवं होतं. कटकट मिटली, असं वाटलं.

अर्ध्या किलोच्या वर एक ग्रॅम गेला तरी कुरिअरवाला किलोचे नव्वद घ्यायचा. आणि माझं प्रत्येक पार्सल वर जायचं! घरी खोक्यासकट वजन केलं तर चारशे ऐंशी, त्याच्याकडे पाचशे पंचवीस. एकदा ठीक आहे, दोनदा ठीक आहे, पण दर वेळी? नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं.

"ताई, काट्यावर सरकारी शिक्का आहे," तो म्हणायचा.

"शिक्के काय, पैसे टाकले की मिळतात," मी म्हणायचे.

एक दिवस भाजीवाल्या मावशींकडून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन मागून आणलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या काट्यावर ठेवलं. पाचशे. बरोब्बर पाचशे! तरी मी हटले नाही. "मग हे पार्सल इथंच फोडा," म्हटलं. त्याने ब्लेड पुढे केलं.

वर माझी पन्नास पापडांची पिशवी होती. तिच्याखाली वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले आणखी पाच पापड.

वजन झाल्यावर खोक्याला चिकटपट्टी लावायचं काम सासूबाईंचं होतं.

मी तणतणतच घरी आले. "आई, हे काय?"

त्यांना काहीच वाटलं नाही. "पन्नासावर पाच द्यायचेच असतात. गावात आयुष्यभर दिले."

"अहो, त्या पाचांपायी तीस रुपये जातात! बंद पडेल सगळं!"

"पडू दे. मोजूनमापून देऊन दारातनं माणूस वाटेला लावायचा नाय मला."

"दारात कोण आलंय? माणूस पुण्यात बसलाय, आई!"

"मंग? दिसत नाय म्हणून हात आखडायचा?"

कपाळ माझं! मोबाईलवर पंचावन्न लिहिले असते, तर सासूबाईंनी साठ घातले असते. मी रात्रभर चडफडले आणि सकाळी भाव तोच ठेवून पन्नासाचे पंचेचाळीस केले. पिशवीतही पंचेचाळीसच भरायला लागले. सासूबाईंना मोबाईल वाचता येत नाही. त्या आपल्या वर पाच टाकायच्या, पार्सल चारशे ऐंशीवर थांबायचं.

कुरिअरवाल्याला माफी मागून पापडांचं पाकीट दिलं. "काट्यावर ठेवू का, ताई?" म्हणाला. ऐकून घेतलं. काय करणार?

दिवाळी झाली, धंदा चालू राहिला. परवा ठाण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "पंचेचाळीस मागवले होते, पन्नास आले. चुकून आले का? पैसे पाठवू?" मी आकडे गाळून सासूबाईंना सांगितलं, "आई, जास्त आले म्हणतायत."

"बघ. म्हणलं नव्हतं?" त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना.

मी जरा घाबरतच विचारलं, "आई, मी पिशवीत किती भरते, ते बघता का कधी?"

"तू मोजलेस ना? मंग मी कशाला मोजू?" त्यांनी दाताने चिकटपट्टी तोडली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढचं खोकं त्यांच्याकडे सरकवलं.