चेटकीण भाड्याने मिळेल

प्रत्येक समाज आपल्या भीतीला एक चेहरा देतो. आर्णीत तो भाड्याने मिळतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांना पोशाख पुरवणारे एक गृहस्थ माझ्या शेजारच्या दुकानात बसतात. राजपुत्राचा अंगरखा ते कधीमधी झटकतात, राक्षसाची शिंगं मात्र रोज पुसतात. "याले कोनी नाई," म्हणतात.

गेल्या जानेवारीत एक गुरुजी गावाबाहेरच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, एक मुलगी घेऊन आले. गोष्टीतली चेटकीणही गावाबाहेरच राहते, त्यामुळे निवड सोपी गेली असावी.

"चेटकिणीचा ड्रेस द्या. दरसाल हीच करते. हिले मेकअपबी लागत नाई," असं म्हणून गुरुजी हसले. मुलगी जमिनीकडे पाहत राहिली.

आमच्या गृहस्थांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "चेटकिणीचा उंदरानं खाल्ला. राणीचा हाय, हिच्याच मापाचा."

चेटकिणीचा पोशाख त्यांच्या डोक्यामागेच खुंटीला लटकत होता.

"मंग चेटकीण कोन होईन?"

"तुमी व्हा नं, गुरुजी. तुमाले तं ड्रेसबी नाई लागत."

गुरुजी फणकारले, पण संमेलन दुसऱ्याच दिवशी होतं. राणीचा पोशाख घेऊन ते गेले.

आम्ही दोघं नाटक बघायला गेलो. राणी पहिल्याच प्रवेशात मेली. शाळेला पडदा नव्हता आणि गुरुजींनी कितीही खुणावलं तरी ती उठेना. नाटक संपेपर्यंत ती रंगमंचाच्या मधोमध पडून होती, हसत.