खोली रिकामी, गिझर चालू

मंडळी, आज डोकं लई तापलंय.

आमच्या टीमनं जिल्ह्याचा थ्रीडी नकाशा बनवलाय. सकाळी तो दाखवायला तामलवाडीकडच्या एका शाळेत गेलो. तिथल्या पन्नाशीच्या एका शिक्षिका बाईंनी माऊस घेतला आणि नकाशा सरकवत मुरुम गावाकडं, आपल्या माहेराकडं निघाल्या. अर्ध्या वाटेतच स्क्रीन काळी. कम्प्युटर ठप्प!

तिथंच कोड उघडला. पूर्ण नकाशासाठी जागा नुसती राखून ठेवायची, खरी मेमरी फक्त समोर दिसणाऱ्या तुकड्याला द्यायची आणि तो नजरेआड गेला की काढून घ्यायची, असं ठरलं होतं. पुण्यातल्या सहकाऱ्यानं देण्याचं काम केलं, काढून घेण्याचं केलंच न्हाय, म्हणून मेमरी भरतच गेली. स्क्रीनवर चित्र उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर 'मेमरी संपली' म्हणून कळवत होता, तेही तपासायची सोय ह्यानं कोडमध्ये केली नव्हती.

आमच्या अण्णांचं तुळजापुरात लॉज आहे. गिऱ्हाईक खोली सोडून गेलं की अण्णा आधी गिझर बंद करतात. एवढी साधी गोष्ट आहे ही!

त्या सहकाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "माझ्या मशीनवर चालतंय. शाळेला नवीन कम्प्युटर घ्यायला सांग."

फोन ठेवला तर बाई हळूच म्हणाल्या, "सर, माझ्याकडनं काय चुकीचं दाबलं गेलं का हो?"

चूक आमची आणि ओशाळल्या त्या.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो, तुमच्या आळसापायी आज कुठं कोण स्वतःला अडाणी समजत बसलंय, ठाऊक आहे का?