पिवळ्या बत्तीची शनिवारची चाचणी

शनिवारी सकाळी दहा ते साडेदहा मला फोन करू नका असं सांगितलं, तेव्हा तुम्ही दोघं हसलात. या वयात आजीला कसली ड्युटी लागली, असं थोरल्याने विचारलं. मी फोनवर सांगायला लागले आणि माझाच गोंधळ उडाला, म्हणून आता क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं म्हणजे मला सगळं उलगडलं आहे असं मात्र समजू नका.

तुमच्या बाबांची चाळ पाडून लालबागला ही उंच इमारत उभी राहिली, ते तुम्ही फोटोत पाहिलं आहे. खाली गाड्या ठेवायला जागा कमी, म्हणून बिल्डरने एक यांत्रिक पार्किंग दिलं. तीन मजली लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. त्याच्या फळ्या वर-खाली आणि आजूबाजूला सरकतात आणि हवी ती गाडी खाली येते. हे यंत्र चालवायला एक ऑपरेटर असतो. आमचा ऑपरेटर याच जागेवरच्या जुन्या चाळीत वाढला. त्याचे वडील गिरणीत होते. आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे, नालासोपाऱ्याहून येतो. मला काकी म्हणतो. मी त्याला अहो-जाहो करते, कारण तो कामावर असतो.

फळी हलायला लागली की खांबावरचा पिवळा दिवा लुकलुकतो, म्हणजे माणसांनी लांब राहावं. पूर्वी भोंगाही वाजायचा, पण पहिल्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली आणि तो बंद ठेवला गेला. राहिला फक्त दिवा. त्याला ऑपरेटर बत्ती म्हणतो. ही बत्ती स्वतःवर लक्ष ठेवते. आपण बिघडलो आहोत असं तिला कळलं, की ती पॅनेलवरचा हिरवा दिवा विझवते आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. अडचणीच्या वेळी एक चावी फिरवून बत्तीशिवायही यंत्र चालवता येतं, पण ती चावी वापरायची नाही असा नियम आहे.

आता यात मी कुठे आले? यंत्राबरोबर इंग्रजीत एक पुस्तिका आली होती. तिच्यात लिहिलं होतं की बत्तीची दर आठवड्याला चाचणी घ्या आणि नोंद ठेवा. कमिटीत कोणाला वेळ नव्हता. मी पस्तीस वर्षं ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्ष म्हणाला, "मावशी, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते.

चाचणी अशी. पॅनेलवरचं एक बटण दाबायचं. मग बत्ती आपण बिघडल्याचं सोंग करते. हिरवा दिवा विझतो, यंत्र थांबतं. बटण सोडलं की हिरवा परत लागतो. पहिल्या शनिवारी हिरवा विझल्यावर मी घाबरून रजिस्टरमध्ये 'बिघाड' लिहिलं आणि सगळ्यांच्या गाड्या दोन तास अडकल्या. विझायलाच हवा होता, विझला म्हणजे बत्ती ठीक, हे पुस्तिका तीनदा वाचल्यावर डोक्यात शिरलं. जे बिघडल्याचं दाखवतं ते चांगलं, असं काहीतरी. त्यानंतर मी तारीख, वेळ, 'ठीक' आणि सही, असे रकाने आखून घेतले. एकही शनिवार चुकवला नाही.

गेल्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी अपघात झाला. सातव्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते शिवाजी पार्कला फिरायला निघाले होते आणि खालच्या फळीवरच्या आपल्या गाडीत राहिलेली टोपी घ्यायला यंत्राच्या मागच्या बाजूने आत शिरले. ऑपरेटर खांबापलीकडे पॅनेलशी असतो, त्याला ती बाजू दिसत नाही. वरून फळी उतरत होती. तिची कड त्यांच्या खांद्याला घासली. ते ओरडले, ऑपरेटरने लाल बटण दाबलं आणि फळी थांबली. खांदा काळानिळा झाला एवढंच, पण अर्धं पाऊल पुढे असते तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

बँकवाले म्हणाले, बत्ती लुकलुकत नव्हती. ऑपरेटर म्हणाला, लुकलुकत होती. अध्यक्षाने माझं रजिस्टर मागितलं. दोनच दिवसांपूर्वीच्या शनिवारी मी 'ठीक' लिहून सही केली होती. पॅनेलच्या नोंदीतही एकही बिघाड नव्हता. अध्यक्षाने लगेच हिशेब मांडला: बत्ती ठीक होती, ती दिसली मात्र नाही, म्हणजे ऑपरेटरने ती बंद करून चावीवर यंत्र चालवलं. रविवारी मीटिंग घेऊन त्याला काढून टाकायचं ठरलं. तोपर्यंत त्याने यंत्राला हात लावायचा नाही, वॉचमनने चालवायचं. त्याच्याविरुद्ध पुरावा काय, तर माझी सही.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येत नाही. बँकवाले मला तीस वर्षं माहीत आहेत. पोस्टात दहा पैसे जास्त परत आले तरी परत द्यायला जाणारा माणूस. त्यांना मी भेटले. त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली: इथे मी, इथे खांब, मी समोर बघत होतो. ऑपरेटरही खोटं बोलणारा नाही. आणि माझी सही तर खरीच होती. तीन खऱ्या गोष्टी, पण एकमेकींशेजारी ठेवल्या की जुळत नाहीत. मी रोज सकाळी त्याच वेळेला त्याच जागी जाऊन उभी राहिले. यंत्र सुरू झालं की बत्ती लख्ख दिसायची. त्यामुळे मी आणखीच गोंधळले.

ऑपरेटर कामाला नव्हता तरी रोज यायचा आणि गेटपाशी बसायचा. मी त्याला विचारलं, बत्ती लागली होती का. लागली होती म्हणाला. चावी फिरवली होती का. नाही म्हणाला. मग त्यांना दिसली कशी नाही, असं विचारलं की तो खाली बघायचा आणि रुमालाने हात पुसत राहायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली, की याने चावी फिरवलीच असणार. हे मी कोणाला बोलले नाही, पण मनात आलं, आणि ते तुमच्यापासून लपवत नाही.

शुक्रवारी अध्यक्षाने कंपनीचा मेकॅनिक बोलावला. बत्तीत दोष नाही असं लेखी हवं होतं, म्हणजे रविवारी वाद नको. मेकॅनिक शिडीवर चढला, झाकण उघडून तारा पाहिल्या, झाकण लावलं. मग घाम पुसायला डोक्यावरची टोपी काढली आणि बत्तीवरच अडकवली. खाली येऊन त्याने यंत्र सुरू केलं. फळी हलायला लागली.

मी त्याला म्हटलं, आधी ती टोपी काढा, नाहीतर बत्ती बिघाड दाखवेल आणि तुमचा कागद फुकट जाईल. तो हसायला लागला.

"काकू, ती स्वतःच्या पोटातला करंट मोजते. बाहेर टोपी आहे का टोपलं, तिला काय माहीत?"

मी पॅनेलकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला. वर पाहिलं, तर बत्तीच्या जागी नुसती निळी टोपी. मी जिन्याच्या पायरीवर बसले. मेकॅनिकला वाटलं मला चक्कर आली, त्याने पाणी आणलं.

झेंडू. मला झेंडू आठवला.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. गिरण्या होत्या तेव्हा साच्यांची, म्हणजे कापडाच्या मागांची, व्हायची, आता लिफ्ट, पाण्याचा पंप, मीटरचा बोर्ड आणि पार्किंगची होते. हार आणायचं काम माझ्याकडे होतं. मी दादरच्या फुलबाजारातून आणले, मध्ये आंब्याची पानं गुंफलेले जाडजूड. पार्किंगचा हार खांबाच्या मानाने फारच लांब निघाला. ऑपरेटर शिडीवर होता, कात्री मागत होता. मी म्हटलं, देवाचा हार कापू नका, दुहेरी गुंडाळा. त्याने विचारलं, कुठे गुंडाळू. मी म्हटलं, वर, सगळ्यांना दिसेल असा. वर बत्तीच होती.

शनिवारी मी चाचणी घेतली तेव्हा हार तिथेच होता. मी बटण दाबलं, हिरवा विझला, हिरवा लागला, 'ठीक' लिहिलं. पुस्तिकेत पॅनेलकडे बघा असं होतं, म्हणून मी पॅनेलकडे बघितलं. इतक्या महिन्यांत मान वर करून बत्तीकडे एकदाही बघितलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. सोमवारी बत्ती लुकलुकत होती, ती पिवळ्या फुलांच्या आत. आणि आता तिथे हार नव्हता. कोणीतरी काढला होता.

मी गेटपाशी गेले. ऑपरेटर उभा राहिला. मी विचारलं, हार कोणी काढला?

"मीच काढलाय, काकी. त्याच दिवशी संध्याकाळी."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, अहो, तुमची नोकरी जातेय, मी तुम्हाला तीन वेळा विचारलं, आणि तुम्ही रुमालाने हात पुसत बसलात. तो एरवी आपल्यासारखंच बोलतो, पण मन भरून आलं की मालवणीवर जातो.

"हार तुमच्या हातचो. पूजेचो. तेचा नाव चार माणसांत कसा घेऊ?"

हे माझ्यासाठी होतं की देवासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मला राग आला, तोही कोणावर हे सांगता येणार नाही.

रविवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं. ती सही ग्राह्य धरू नये, असं सांगितलं. हार मी आणला, बत्तीवर गुंडाळायला मी सांगितलं आणि न बघता 'ठीक' मीच लिहिलं. मग अध्यक्ष म्हणाला, "मावशी, म्हणजे आता पुढच्या वर्षी पूजा बंद का?" दोघे-तिघे हसले. तेवढ्यात बँकवाले हळूच म्हणाले, "हार होता खरा. मी आत शिरताना त्याला नमस्कार केला होता."

म्हणजे ते अगदी बत्तीकडेच बघत होते. एवढी आकृती काढली, पण त्यात हार काढायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचाही चेहरा पडला. अध्यक्षाने ऑपरेटरला विचारलं, तू बोलला का नाहीस? त्याने खिशातून रुमाल काढला. त्याची नोकरी राहिली. इतिवृत्तात 'हार' लिहायचं की 'अडथळा', यावर पाऊण तास चर्चा झाली आणि 'अडथळा' लिहिलं गेलं.

मला वाटलं होतं की आता तो मोकळा होईल. पण पुढचे पाच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी खाली गेले की पॅनेल पुसायला लागायचा. मी चुकीचं काय केलं? खरं बोलले, त्याला वाचवलं. तुमच्या बाबांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, आई, तू त्याचा त्याग वाया घालवलास. हे बाबांनी चेष्टेत म्हटलं की खरंच, तेही मला नीट कळलं नाही.

शनिवारी दहा वाजता मी रजिस्टर घेऊन नेहमीप्रमाणे पॅनेलपाशी गेले. ऑपरेटरने मला हाताने थांबवलं. बँकवाले जिथे उभे होते त्या जागी त्याने जमिनीवर पिवळ्या रंगाने एक चौकोन काढला होता.

"काकी, थय उभ्या ऱ्हवा. हयसून माका दिसत नाय. तुमी बघा."

मी चौकोनात उभी राहिले. त्याने यंत्र सुरू केलं. त्या दिवशी ऊन तिरपं येऊन बरोबर खांबावर पडलं होतं. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, उन्हात मला सगळंच चमकतं. खांबापलीकडून त्याने विचारलं, दिसता मा, म्हणजे दिसतंय ना? मी बघत राहिले. पिवळं काहीतरी होतं, पण ते लुकलुकत होतं की उन्हाची तिरीप होती, सांगता येईना. मी म्हटलं, दिसतंय बहुतेक.

"बहुतेक नको. खात्री हा काय?"

नाही म्हणाले मी. "मग 'नाय' लिवा," तो म्हणाला, आणि त्याने यंत्र बंद केलं.

तेवढ्यात अध्यक्ष गाडी काढायला खाली आला. गाडी तिसऱ्या फळीवर. का बंद आहे, मेकॅनिकने तर लेखी दिलंय, म्हणाला. ऑपरेटरने खुर्ची ओढून घेतली, तिच्यावर बसला आणि त्याला सांगितलं, काकींना दिसली नाही. अध्यक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी अजून त्या चौकोनातच उभी होते, हातात उघडं रजिस्टर, आणि आपण काय पाहिलं ते आठवून बघत होते. मग 'दिसत नाही' असं लिहून सही केली. अध्यक्ष टॅक्सी करून गेला. दुपारी मेकॅनिक आला आणि त्याने बत्तीवर पत्र्याची छोटी सावली बसवली. मला परत खाली बोलावलं गेलं, मी चौकोनात जाऊन उभी राहिले, आणि ऑपरेटरने खांबापलीकडून पुन्हा तेच विचारलं.