शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही

आधीच बजावतो, हसायचं नाही. तुम्ही चहा पाजताय म्हणून सांगतो, नाहीतर त्या दिवसाचं नाव काढलं तरी माझं डोकं तापतं!

अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा. मी दोंडाईच्याला शाळेत पीटीचा मास्तर. तिथल्या महिला मंडळाने बायकांना स्वसंरक्षण शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. शेवटच्या दिवशी अध्यक्षबाई बघायला येणार, आणि त्यांना पसंत पडलं तर तालुक्यातली सगळी शिबिरं माझी!

पण त्या बाया! शिस्त कशाशी खातात ते माहीत नाही. मी लाकडी चाकू दाखवून घसा फोडतोय, "चाकू दिसला की पिशवी फेका आणि पळा! उगाच मर्दुमकी नको!" तर मागून आवाज, "सर, याले धार कोठे शे?" की सगळ्या फिदीफिदी. मग माणूस चिडणार नाही?

म्हणून शेवटच्या दिवशी मी दरडावलं, "जिने धरलंय तिने शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही! मी ओरडेन, शिव्या देईन, पाया पडेन. सोडायचं नाही म्हणजे नाही!"

अध्यक्षबाई समोर खुर्चीत बसल्या. मी मुद्दाम सगळ्यांत म्हाताऱ्या सखूअक्कांना पुढे बोलावलं. "धरा माझी दोन्ही मनगटं. अंगठ्याच्या बाजूला एक झटका, की मी सुटलो!"

दिला झटका. काही नाही. दुसरा दिला. अक्का जागच्या हलल्यासुद्धा नाहीत, माझाच खांदा कटकन वाजला.

"अक्का, सोडा."

"सोडानं नही. तुम्हीच सांगं ना!"

"अहो, खरंच सोडा!"

"सर, तुमनं नाटक झकास शे!"

असा भडकलो म्हणता! ओरडलो, पाय आपटले. मी जितकं चिडावं तितकी अक्कांची पकड घट्ट. बाया टाळ्या पिटतायत. शिट्टी? होती ना, गळ्यात! पण हात अक्कांच्या ताब्यात. मान वाकवून दातांत धरायला गेलो, तर ती फिरून पाठीवर गेली.

शेवटी रडकुंडीला येऊन म्हणालो, "अक्का, पाया पडतो!"

अक्का बायांकडे वळल्या. "देखा वं, आते पाया पडी ऱ्हायना!"

अखेर अध्यक्षबाईच उठल्या आणि माझ्या पाठीवरची शिट्टी ओढून त्यांनी वाजवली. तेव्हा सुटलो.

मागाहून कळलं, सखूअक्का गावातल्या लग्नांना खापरावरचे मांडे करतात. पंगतीचं सगळं पीठ एकट्या तिंबतात, जन्मभर! हे आधी कुणी विचारायचं? मीच ना, गाढवाने!

शिबिरं मिळाली हो, तालुकाभर मिळाली. शिकवायला सखूअक्का. आणि मला अध्यक्षबाई म्हणाल्या, "गुंडाचं काम तुम्हीच करा, सर. इतका चिडणारा दुसरा मिळायचा नाही."

आजही दोंडाईच्याच्या बाजारात एखादी बाई लांबून हाक मारते, "ओ गुंडसर!" मी तिच्यावर असा खेकसतो, की शेजारच्या बायासुद्धा मला ओळखतात.